सेक्रेटरींच्या मानेचा ठराव

मी हात वर केला नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, फक्त जरा मोठ्याने सांगायला हवं होतं. माझा उजवा हात डोक्यावर होता. हात वर करणं आणि हात डोक्यावर ठेवणं यांत फरक आहे. पण मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसलेलो, आणि इतक्या लांबून तो फरक आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना दिसला नसावा. त्यांनी विचारलं, "सेक्रेटरीपदासाठी कोण तयार आहे?" त्याबरोबर सगळे सभासद आपापल्या चपलांकडे बघू लागले, आणि त्या खाली गेलेल्या डोक्यांमध्ये माझं एकट्याचं कोपर तेवढं उंच उभं राहिलं.

"वा, काका," अध्यक्ष म्हणाले, "शेवटी कुणीतरी पुढे आलं."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर 'नाही' म्हणणं मला जमत नाही. तशा माझ्यासाठी टाळ्या पूर्वी कधी पडलेल्याही नव्हत्या, त्यामुळे सवय नव्हती असंही म्हणता येईल.

हात डोक्यावर का होता ते सांगतो. काही आठवड्यांपासून मानेच्या उजव्या बाजूला एक कळ उठायची, खांद्यावरून उतरायची, दंडातून वाट काढत अंगठ्यापर्यंत जायची आणि तिथे मुक्काम ठोकायची. अंगठा आणि शेजारचं बोट कायम मुंग्यांच्या ताब्यात. पेन हातात घेतलं, तर ते दुसऱ्याच कुणीतरी धरलंय आणि मी नुसता बघतोय असं वाटायचं. यावर एकच उतारा मला सापडला होता, तोही चुकून. तळहात डोक्यावर ठेवला की कळ थांबते. पुढे डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, हात वर गेला की दबलेल्या नसेवरचा ताण कमी होतो. पण हे शास्त्रीय कारण पाठीवर चिकटवून फिरता येत नाही. डोक्यावर हात ठेवून चाललेला म्हातारा दिसला की लोकांना एकच प्रश्न सुचतो. दूधवाल्याने विचारलं, "कोण गेलं?" इस्त्रीवाल्याने विचारलं, "कधी गेले?" समोरच्या बाईंनी तर काहीच विचारलं नाही. त्या थेट आमच्या घरात आल्या आणि हिच्या गळ्यात पडल्या. हिला वाटलं, त्यांच्याकडेच कुणीतरी गेलं. मी खाली जाऊन वर्तमानपत्र घेऊन आलो, तरी दोघी एकमेकींची समजूत घालत बसल्या होत्या.

माझी सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. अजूनही एक प्रकाशक मला घरी कामं पाठवतो. जुनी ओळख म्हणून पाठवत असेल, माझी तशी शंका आहे. अशा माणसाला काही झालं की तो डॉक्टरकडे जात नाही, वाचनालयात जातो. मी आत गेलो तेव्हा मला मानदुखी होती. बाहेर आलो तेव्हा मला, कमी धरले तरी, इतके आजार होते की एका माणसात ते मावले कसे याचंच मला नवल वाटत होतं. त्यांतल्या दोन-तीन आजारांवर उपाय नव्हता. एक फक्त लहान मुलांना होतो, हे त्या पानाच्या तळटीपेत होतं. ती मी मागाहून वाचली.

मात्र पाठीच्या कण्याचं प्रकरण मला चांगलं समजलं, किंवा समजल्यासारखं वाटलं. कपाटात पुस्तकं एकाला एक लावून ठेवलेली असतात तसे मणके असतात. दोन पुस्तकांच्या मध्ये मऊ गादी. आणि पुस्तकातून खुणेची फीत बाहेर लोंबते, तशी प्रत्येक दोन मणक्यांच्या मधून एक नस बाहेर पडते आणि आपापल्या गावाला जाते. कुणी खांद्याच्या, कुणी अंगठ्याच्या. गादी दबून बाहेर आली की फीत चेंगरते. दुखणं मानेत आणि बोंब अंगठ्याची, ती त्यामुळे. हे मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "इतकं कळलंय तर आता डॉक्टरकडे चला."

सर्जनने मला आधी एका बोगद्यात घालून माझ्या मानेचे फोटो काढले. मग समोर बसवून आपली दोन बोटं पुढे केली. "दाबा. जोरात."

मी दाबली.

"दाबा ना."

"दाबतोय."

"जेवढा जोर असेल तेवढा लावा, संकोच करू नका."

"लावलाय," मी म्हणालो.

त्यांनी बोटं सोडवून घेतली. बाजूच्या खुर्चीवर बसलेली ही आपल्या पर्सचा बंद उघडत-मिटत होती, ते थांबलं. सर्जनने सांगितलं की पाचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या मध्ये नस दबली आहे आणि हाताची पकड कमी झाली आहे. सध्या गोळ्या, व्यायाम, विश्रांती. महिन्याने पुन्हा बघू. सुधारलं तर उत्तम. पकड आणखी घटली तर मात्र थांबण्यात अर्थ नाही, ऑपरेशन.

"मानेच्या मागून?" मी विचारलं.

"पुढून. गळ्याकडून."

"पण मान मागे आहे ना?"

"मागेच आहे. वाट पुढून सोपी पडते."

ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि त्याच्याबरोबरच राहू लागलो. दाढी करताना, कॉलरचं बटण लावताना, पाणी पिताना. हात गेला तर काय, आणि हात वाचवायला गळा दिला तर काय, या दोनच प्रश्नांत माझा सगळा दिवस जायचा. हिला यातलं काही सांगितलं नाही. तीही काही बोलत नव्हती. फक्त माझ्या हातातली पिशवी, चहाचा कप, दाराची किल्ली, जे असेल ते ती नकळत काढून घ्यायची.

सेक्रेटरीपद मात्र काढून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

आमची लिफ्ट बंद पडली होती. दुरुस्त करणारा आगाऊ चेक मागत होता, चेकवर सेक्रेटरीची सही लागते, आणि नव्या सेक्रेटरीची सही आधी बँकेत नोंदवावी लागते. काचेमागच्या अधिकाऱ्याने मला एकाखाली एक तीन सह्या करायला सांगितल्या. मी केल्या. त्याने त्या माझ्या ओळखपत्रावरच्या सहीशेजारी धरल्या, मग एकमेकींशेजारी धरल्या.

"काका, या तिन्ही वेगळ्या आहेत."

"तिन्ही माझ्याच आहेत."

"तसं सगळेच म्हणतात," तो शांतपणे म्हणाला. "एकसारखी यायला लागली की या."

मी राजीनामा देऊन बघितला. अध्यक्षांनी तो चष्मा पुसून वाचला आणि म्हणाले, "काका, पद स्वीकारलंत तेव्हाच्या पत्रावर तुमची सही आहे, ती आणि ही जुळत नाही. उद्या कुणी आक्षेप घेतला तर?" मी म्हणालो, कुणी घेणार नाही. ते म्हणाले, "मीच घेईन. नवीन माणूस कुठून आणू?"

असं करता करता माझी नस सार्वजनिक झाली. लिफ्ट माझ्या सहीवर अडलेली, सही हातावर, हात मानेवर. चौथ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे खाली उतरू शकत नव्हत्या, त्या जिन्याच्या पोकळीतून रोज विचारायच्या, "सेक्रेटरी, अंगठा काय म्हणतो?" आणि मला मान वर करता येत नसल्यामुळे मी तळमजल्याच्या फरशीकडे बघत उत्तर द्यायचो, "तसाच आहे." निवृत्त विमा एजंट होते, त्यांना सगळे विमाकाका म्हणत. ते म्हणाले, उशी बदला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, उशी काढा. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने त्यांचीच उशी आमच्याकडे पाठवली, बहुधा घरातून काहीतरी जावं म्हणून. कुणी म्हणालं दाराच्या चौकटीला लोंबकळा. कुणी चुंबकाची माळ आणून दिली, ती घातल्यावर माझं घड्याळ बंद पडलं. न्हाव्याने तर सल्ला न देता थेट कृतीच केली. दाढीचा फेस लावून झाल्यावर त्याने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, "एक झटका देतो, आवाज येईल, घाबरू नका." सर्जनने बजावलं होतं, काहीही करा, पण कुणाकडून मान मोडून घेऊ नका. मी खुर्चीतून उठलो आणि अर्ध्या तोंडाला फेस, गळ्यात पांढरं फडकं, डोक्यावर हात अशा अवस्थेत घरी आलो. वाटेत दूधवाला भेटला. या वेळी त्याने काहीच विचारलं नाही, नुसता नमस्कार केला.

शेवटी ही म्हणाली, "सर्जनच्या गोळ्या चालू ठेवा, आणि जोडीला वैद्याकडे जाऊ. त्या न्हाव्यापेक्षा बरं." सर्जनना फोन करून विचारलं. ते म्हणाले, तेल लावा, शेक घ्या, हरकत नाही, झटके नकोत.

वैद्यबाई आमच्या मुलीपेक्षाही लहान होत्या. मी मनात काही संस्कृत वचनं जुळवून गेलो होतो, निदान मी अडाणी नाही एवढं कळावं म्हणून. पण त्यांनी आधी बोगद्यातले फोटो मागितले आणि ते खिडकीच्या उजेडात बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या, "आजोबा, एक गोष्ट आधीच ठरवू. हाताचा जोर आणखी कमी झाला, किंवा चालताना तोल जायला लागला, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ सर्जनकडे जायचं. मी तेल घेऊन बसलेय म्हणून तुम्ही थांबायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. खरं म्हणजे मला थोडी निराशा झाली. आपल्या हातात सगळं आहे असं सांगणारं कुणीतरी मला हवं होतं. न्हाव्याकडे तो आत्मविश्वास होता.

त्यांनी सांगितलं की हा वाताचा प्रकार. वात म्हणजे शरीरातली हालचाल. तो कोरडा पडला, अडला, की मान आखडते, कळा मारतात. त्याला ऊब आवडते, तेल आवडतं, वेळच्या वेळी जेवण-झोप आवडते. धावपळ, जागरण, उपास आवडत नाहीत. "आणि काळजी अजिबात नको," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मला एक नवीन काळजी लागली, की आपण काळजी करतोय.

मग त्यांनी माझ्या हातात एक पुस्तक दिलं. "घरी वाचता तसं वाचा बघू."

मी वाचू लागलो. पुस्तक बरं होतं. थोड्या वेळाने लक्षात आलं की खोलीत कुणी बोलत नाहीये. वर बघितलं तर वैद्यबाई आणि ही दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"आजोबा, तुम्ही पुस्तक वाचत नाही, पुस्तकात वाकून विहिरीत बघतात तसं बघता."

"लग्न झाल्यापासून मी हेच डोकं बघतेय," ही म्हणाली. "वरून."

उपचार ठरले. मानेला शेक, नाकात तेलाचे थेंब, मानेवर ग्रीवाबस्ती, म्हणजे उडदाच्या पिठाचं कडं बसवून त्यात कोमट तेल भरून ठेवायचं. शिवाय पथ्य. पुस्तक डोळ्यांच्या उंचीला धरायचं. चालताना समोर बघायचं. "आणि कुणाशी बोलताना जमिनीकडे बघायचं नाही. माझ्याशी बोलतानाही तुम्ही त्या टेबलाच्या पायाशी बोलताय. चेहऱ्याकडे बघायचं."

कडुनिंबाचा काढा दिला असता तर मी तो घटाघट प्यायलो असतो. पण माणसांच्या चेहऱ्याकडे बघायचं, हे औषध मला या वयात नवीन होतं. लहानपणी मास्तरांशी, मोठेपणी साहेबांशी आणि लग्नात भटजींशी मी खाली बघूनच बोललो. त्यात नम्रता किती आणि भित्रेपणा किती, हे मी कधी वेगळं काढून पाहिलेलं नाही. पाहावंसं वाटलंही नाही.

घरी पुस्तक डोळ्यांच्या उंचीला आणण्यासाठी हिने टेबलावर पिठाचा डबा, डब्यावर पाट आणि पाटावर शब्दकोश असा मनोरा उभारला. मी प्रकाशकाचं काम त्यावर ठेवून एक प्रकरण तपासलं. दुसऱ्या प्रकरणात पान उलटताना मनोरा उलटला. शब्दकोश माझ्या पायावर आणि पीठ हिच्या साडीवर. आता मी डोक्यावर हात ठेवून लंगडत होतो, आणि दूधवाल्याने दूध दाराबाहेर ठेवून जायला सुरुवात केली.

ग्रीवाबस्तीचं तसं नव्हतं. ते मला आवडू लागलं. पालथं झोपायचं, टेबलाला तोंडाच्या जागी भोक असतं त्यात चेहरा ठेवायचा, मानेवर पिठाचं कडं, आणि त्यात कोमट तिळाचं तेल हळूहळू चढत जाणार. हलायचं नाही. हलायचं नाही असं सांगितल्यावर जो निवांतपणा येतो, तो मला फार दिवसांनी मिळत होता. पण त्या निवांतपणातही एक दिवस खोलीत बूट आले. भोकातून मला फरशी आणि बूट एवढंच दिसत होतं. काळे, पॉलिश केलेले. अध्यक्षांचे.

"काका, त्रास देतो," अध्यक्षांचा आवाज आला. "लिफ्टवाल्याला घेऊनच आलोय. चेकबुकही आणलंय. बघा, इथल्या इथे एक सही येते का. बँकेचं मी बघतो."

"त्यांना हलता येणार नाही," वैद्यबाई म्हणाल्या. "मानेवर तेल आहे."

"हात तर मोकळा आहे ना?"

काळ्या बुटांच्या मागे तपकिरी सँडल होते. थोडी हालचाल झाली. आणि मग मला काय झालं ते मला अजूनही सांगता येत नाही. समोर चेहरा नव्हता, नुसतं पायताण होतं, आणि पायताणाशी बोलायचा माझा जन्माचा सराव. मी बोलू लागलो. म्हणालो, "मी हात वर केला नव्हता. तुम्ही बघितलं नाहीत आणि मी बोललो नाही, म्हणून मी सेक्रेटरी झालो. माझा राजीनामा तुम्ही घेत नाही. माझं दुखणं जिन्यात चघळलं जातं. आणि आता तुम्ही मला पालथा पाडून सही घ्यायला आलात. ही काय माणुसकी झाली? तुम्हाला काही वाटत कसं नाही? घरी बायकामुलांना काय सांगता?" इतकं मोकळं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. तेलही सांडलं नाही.

मग एक अनोळखी आवाज म्हणाला, "साहेब, मी लिफ्टवाला. अध्यक्ष फोन घ्यायला बाहेर गेलेत."

नीट बघितलं. समोर तपकिरी सँडल होते.

लिफ्टवाला मनाला लावून घेणारा निघाला. सेक्रेटरींनी माझ्या बायकामुलांवर बोट ठेवलं, त्यांनी माफी मागेपर्यंत मी काम करणार नाही, असं त्याने कळवलं. म्हणून अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली. विषय एकच: सेक्रेटरींनी आपल्या मानेबाबत लवकर निर्णय घ्यावा.

तळमजल्यावर जिन्यापाशी भरलेल्या सभेला मी गळ्यात पट्टा घालून गेलो, कारण मान थकली की थोडा वेळ तो घालायला सर्जनने सांगितलं होतं. पट्ट्याने मान खाली जाऊ शकत नव्हती. शेवटच्या रांगेत बसायला गेलो तर अध्यक्षांनी पुढे बोलावलं.

"माझ्या मेहुण्याने हेच ऑपरेशन केलं," विमाकाका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी चालायला लागला."

"तो आदल्या दिवशीही चालतच होता," त्यांची बायको म्हणाली.

"मुद्दा असा, की तेल लावून किती दिवस बसणार? ऑपरेशन केलं की सही येईल, सही आली की चेक जाईल. मी ठराव मांडतो, की सेक्रेटरींनी या महिन्यात ऑपरेशन करून घ्यावं."

"अनुमोदन कोण देतंय?" अध्यक्षांनी विचारलं. आणि खरंच कुणीतरी दिलं. हा ठराव होऊ शकतो का, हे कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे ठराव म्हटलं की मंजूर करायची सवय आहे. हात वर होऊ लागले. ते मोजले जायच्या आधीच मी उभा राहिलो होतो, हे मला खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला तेव्हा कळलं.

पट्ट्यामुळे खाली बघता येत नव्हतं. सगळे चेहरे समोर होते. इतकी वर्षं मी या माणसांना गुडघ्यांपासून खाली ओळखत होतो. विमाकाकांना एवढ्या दाट भुवया आहेत हे मला माहीत नव्हतं. अध्यक्ष थकलेले दिसत होते. तिसऱ्या रांगेत ही बसली होती, आणि तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

"मान माझी आहे," मी म्हणालो. आवाज फारच बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणालो. "ठराव करून ती कापता येणार नाही. लिफ्टवाल्याची मी माफी मागतो, ते बोलणं त्याच्यासाठी नव्हतं." इथे अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला. "पण मला ऑपरेशनची भीती वाटते. न करण्याचीही वाटते. रोज उठलो की मी आधी अंगठा हलवून बघतो. या हाताने पेन धरता येतं, याच्याशिवाय माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नाही. तो गेला तर मी काय करायचं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा मी करेन. तोपर्यंत मला घाबरू द्या."

वर गेलेले हात हळूहळू खाली आले, कुणी कान खाजवल्यासारखं करत, कुणी केस सारखे करत. तेवढ्यात जिन्याच्या पोकळीतून चौथ्या मजल्यावरच्या आजींचा आवाज आला. त्या सगळी सभा वरूनच ऐकत होत्या.

"अरे, घाबरू द्या की त्याला. लिफ्ट बंद आहे म्हणून मी काही मरत नाहीये. भाजी तेवढी वर पाठवत जा कुणीतरी."

घरी आल्यावर हिने चहा टाकला आणि पाठमोरीच म्हणाली, "मला का नाही सांगितलंत, भीती वाटते म्हणून?"

"तुला काळजी वाटली असती."

"मला वाटतच होती," ती म्हणाली. "एकटीला."

त्या दिवसानंतर आम्ही दोघं मिळून घाबरू लागलो. ते थोडं सोपं जातं.

अध्यक्षांनीही मनावर घेतलं. ते स्वतः बँकेत गेले, अधिकाऱ्याशी बोलले, आणि असं ठरलं की 'सदर गृहस्थांचा उजवा हात आजारामुळे अशक्त आहे' असं सर्जनचं प्रमाणपत्र जोडलं तर माझी आहे तशी सही नमुना म्हणून नोंदवता येईल. मी ती केली. शाईच्या दौतीत पडलेला किडा बाहेर येऊन जीव वाचवायला कागदभर पळाला असावा, अशी ती दिसत होती. अधिकाऱ्याने बघितली, जपून शिक्का मारला आणि म्हणाला, "आता हीच तुमची सही. अशीच करत जा." पहिला चेक गेला. लिफ्टवाला आला. मला बघून त्याने सँडल दाराबाहेर काढून ठेवले.

मधले दिवस वैद्यबाईंचं तेल, सर्जनच्या गोळ्या, शिकवलेले व्यायाम आणि आमची भीती यांत गेले. रोज काय फरक पडतोय ते कळत नव्हतं. फरक पडल्यासारखं वाटलं की मला शंका यायची, आणि शंका आली की वाताला काळजी आवडत नाही हे आठवायचं. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा सर्जनने काही न बोलता दोन बोटं पुढे केली. मी डोळे मिटून दाबली.

"बास," ते म्हणाले. "सोडा. अहो, सोडा."

त्यांनी बोटं झटकली आणि ऑपरेशन नको असं सांगितलं. कशाने बरं झालं, मी विचारलं. ते म्हणाले, गोळ्या, व्यायाम, वेळ. पुष्कळदा नस आपणहूनही सुटते, पण मान सांभाळा. संध्याकाळी वैद्यबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या की छान झालं, तेल अजून सोडू नका. विमाकाका म्हणाले, उशी. मी कुणाशीच वाद घातला नाही. ज्याला त्याला धन्यवाद दिले. चुकून एखादा राहून गेला, तर नस रागवायची.

पण बँकेचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही दोघं आधी बँकेतच गेलो होतो. लिफ्टवाल्याचा शेवटचा चेक द्यायचा होता आणि त्यावर माझी सही बँकेतच करायची राहिली होती. मी काचेसमोर उभा राहून ती केली. एका दमात, खालची रेघ ओढून. दुखणं सुरू झाल्यापासून अशी सही झाली नव्हती.

अधिकाऱ्याने ती नमुन्याशेजारी धरली. त्याचा चेहरा पडला.

"काका, ही जुळत नाही."

"माझीच आहे."

"असेल. पण तुमची सही ही आहे." त्याने तो किडा काचेला लावून दाखवला. "अशी करा ना. थोडा हात हलवून."

मी प्रयत्न केला. हात हलवून बघितला, पेन सैल धरून बघितलं. प्रत्येक वेळी अक्षरं सरळच उभी राहिली. मागे रांग वाढत होती. माझे कान तापले. आता लिफ्ट पुन्हा बंद राहणार, आजी पुन्हा वर अडकणार, अध्यक्ष पुन्हा सभा घेणार, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि मी आणखी एकदा थरथरायचा प्रयत्न करणार तोच ही बाजूने पुढे आली.

"त्यांना तशी नाही जमायची आता," ती अधिकाऱ्याला म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, आणि चेक नाकारला गेल्याचा इतका आनंद झालेलं माणूस त्या बँकेने पूर्वी पाहिलं नसावं.

"बाई, नियम आहे. हात बरा झाला असेल तर तसं डॉक्टरांचं लेखी लागेल."

"आहे ना," ती म्हणाली. तिने पर्समधून सर्जनने नुकताच दिलेला कागद काढला, हाताने सारखा केला आणि काचेखालून आत सरकवला. "वाचा. मोठ्याने वाचलंत तरी चालेल."